समीक्षाची शर्यत आणि कुसुमबाईंचा रोवणा

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना समीक्षा आधी दोनदा घसरली होती, पण ते कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तिने ते धरलं नाही. पुढच्या वेळी मात्र ती सरळ धानाच्या खाचरात, म्हणजे बांधीत जाऊन बसली. कमरेपर्यंत चिखल, हातातली मोजपट्टी तेवढी उंच धरलेली… आणि नेमका पलीकडच्या धुऱ्यावर एक जण उभा.

तो हसत नव्हता. हसू दाबत होता. ते जास्त वाईट.

"काही हरवलं का जी?" त्याने विचारलं.

"नाही. चिखल किती खोल आहे ते पाहत होते."

"मंग? किती निंगाला?"

"बरा आहे," समीक्षा उठत, अगदी गिऱ्हाइकाच्या थाटात म्हणाली, "पण आणखी पातळ पाहिजे."

आता मात्र तो हसला. चिखलाला नावं ठेवणारी माणसं त्याने जन्मभर पाहिली होती. चिखल पसंत करायला आलेली ही पहिलीच.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या पावसाळ्यातली, देवरीजवळच्या एका गावची. धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, आभाळ खाली उतरलेलं, आणि हायवेवरून जाणाऱ्या बसचा भोंगा दूरवरून ओला होऊन येणारा. समीक्षा गजभिये गोंदियाची. व्यायामशाळेत शिकवायची, आणि वेड एकच — ऑब्स्टॅकल रेस. म्हणजे अडथळ्यांची शर्यत. जंगलातून पळायचं, मध्येच फळ्यांची उंच भिंत चढायची, दोराने वर जायचं, टायर उलटवायचे, मातीची पोती खांद्यावर न्यायची आणि ताणलेल्या दोऱ्यांखालून चिखलात सरपटायचं. नागपूर-पुण्याला अशा शर्यती तिने पुष्कळ केल्या होत्या. आता तिला तशी एक आपल्या जिल्ह्यात भरवायची होती. तिचं म्हणणं साधं होतं: पुण्याची माणसं टँकरने पाणी आणून चिखल करतात, आणि आपल्याकडे तो आयता आहे, तर आपण का मागे?

धुऱ्यावरच्या माणसाचं नाव खेमराज. शेतकीचा डिप्लोमा झालेला, स्वतःचा ट्रॅक्टर चालवणारा. बोलण्यात कंजूष, ऐकण्यात उधळा. अशी माणसं पोरींना आवडतात, पण त्यांना ते कळायला उशीर लागतो.

"बांधी तुमची आहे का?"

"मायची होय. मी नुसता राबतो."

म्हणजे गाठ कुसुमबाईंशी होती.

कुसुमबाईंनी सगळं ऐकून घेतलं. खेमराजचे वडील गेल्यापासून घर आणि शेत त्यांच्याच हुकमाने चालायचं. माणूस पाहिला की त्याच्या नावावर काय जमा, काय खर्च, हे त्यांच्या मनात चहा उकळायच्या आत लिहून होई.

"म्हणजे चिखलात लोराले लोक नागपुरातून येतीन?"

"हो मावशी. रायपूर, दुर्ग, बालाघाटहून पण."

"अवं, आमच्या चिखलात काम कराले बाजूच्या गावची बाई येत नाई!" त्या म्हणाल्या. मग एकदम, "हात दाखव पाहू."

समीक्षाने तळवे पुढे केले. दोर चढून चढून पडलेले घट्टे कुसुमबाईंनी अंगठ्याने चाचपले. घट्टे पडलेल्या हाताच्या माणसावर त्या डोळे झाकून विश्वास ठेवत.

"घे बांधी," त्या म्हणाल्या. "तुही शर्यत झाली का मी रोवणा करतो." रोवणा म्हणजे धानाची लावणी.

चहा पिताना समीक्षाने खरं ते सांगून टाकलं. बाबांनी तिला एवढा पावसाळा दिला होता. शर्यत नीट झाली तर दरवर्षी इथंच, हेच काम. फसली तर पुण्याला मावशीकडे जायचं. तिथल्या जिमखान्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

खेमराज दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. त्या दिवसापासून शर्यत एकट्या समीक्षाची राहिली नाही. निम्मी त्याची झाली. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण बांबू तोडायला माणूस इतक्या पहाटे उठत नाही, हे गावाला समजत होतं.

लटकत जायच्या दांड्या त्याने बांबूच्या केल्या. टायर गुड्डूने आणले. गुड्डू म्हणजे समीक्षाच्या गल्लीतला टायरवाला; तिला दीदी म्हणायचा आणि दर वाक्यात एक फुकटचा सल्ला द्यायचा. तिघांनी मिळून फळ्यांची भिंत उभी केली.

"आधी तुम्ही चढून दाखवा, मॅडम," खेमराज म्हणाला.

ती धावत आली, एक पाय फळीला लावला, आणि वर! भिंतीच्या माथ्यावर घोड्यावर बसावं तशी बसली. खेमराज धावला, उडाला आणि घसरत परत जमिनीवर आला. पुन्हा धावला. पुन्हा तेच.

"दे हात," ती वाकून म्हणाली.

"स्पर्धेत असं चालते का?"

"या खेळात हीच रीत आहे. जो वर चढतो तो मागं वळून दुसऱ्याला हात देतो. तो आपल्याला हरवणारा असला तरी."

खेमराजने हात दिला. वर आला. शेजारी बसला. पाऊस भुरभुरत होता… खाली गुड्डू टायर मोजायचं सोंग करत होता.

"आन् वर आल्यावर," खेमराज हळूच म्हणाला, "हात सोडाची काही रीत हाये का?"

"आहे."

"मंग?"

"…सोडते ना. घाई काय आहे?"

आणखी एक गोष्ट खेमराजला पटत नव्हती. या शर्यतीत अडथळा चुकला की दंड असतो — जमिनीवर आडवं व्हायचं, उठायचं, उडी मारायची, पुन्हा आडवं. याला बर्पी म्हणतात.

"हे तं बिनकामाचं रोवणं झालं," तो म्हणाला. "वाका, उठा, वाका, उठा, आन् जमिनीत काईच नाई ठेवाचं. आमच्या बाया पाहतीन तं म्हणतीन, पोराले झाडपाल्याचं औषध द्या."

ती हसली तेव्हा तो दुसरीकडे पाहत होता. पण दुसरीकडे पाहणाऱ्याचे कान जरा जास्तच लाल झाले होते.

शर्यत रविवारी. शुक्रवारी खेमराजने ट्रॅक्टर घालून बांधी अशी चिखलली की लोण्याने लाजावं. समीक्षाने तिच्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या. त्याच दोऱ्यांखालून लोक सरपटणार होते. रोवण्यासाठी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या धुऱ्यावर ठेवून शनिवारी कुसुमबाई सालेकशाला नात्यात गेल्या, आणि हे तिघं फलक, पाण्याचे कॅन आणायला गोंदियाला. शेतावर कुणीच नव्हतं.

आणि इथं घोटाळा झाला.

रविवारी सकाळी समीक्षा धुऱ्यावर आली आणि थांबली. मागून येणारा खेमराज तिच्यावर आदळता आदळता राहिला.

बांधी हिरवी झाली होती.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पऱ्हे रोवलेले. ताजे, मान टाकलेले, पण काय ती रांग! शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहत नाहीत इतकी सरळ. आणि रांगांमधून समीक्षाच्या दोऱ्या जशाच्या तशा.

धुऱ्यावरून सुशिलाबाई येत होत्या, मागे त्यांची रोवणेकरणींची टोळी. चेहऱ्यावर केलेल्या कामाचं तेज.

"पाह्यलं का जी? झाला तुमचा रोवणा! बुधवारी याचं होतं आमाले, पण त्या पाटलाची मोटर जळली, काल दिवस रिकामा. म्हटलं खेमराजची बांधी चिखलून पडली हाये, पऱ्ह्याच्या पेंढ्या धुऱ्यावर पडल्या हायेत, कायले वाट पाहाची?"

"सुशिलामावशी," समीक्षाने बोट दाखवलं, "त्या… दोऱ्या?"

"त्याईनच तं सोपं झालं! मागच्या साली कृषीवाला साहेब आलता, दोरी बांधून ओळीत रोवा म्हणे. आमी म्हटलं, खेमराज शिकेल पोरगा, साहेबाचं ऐकून राह्यला. अशी ओळ साधली बाप्पा, साहेब पाहीन तं फोटो काढीन!"

आता यात सुशिलाबाईंची चूक काय काढायची? या मुलखात चिखललेली बांधी रिकामी ठेवणं म्हणजे पंगतीला पान मांडून माणसाला उपाशी उठवणं. कुणीही रोवलंच असतं.

तोवर धावणारे जमले होते. नागपूरची एक ताई म्हणाली, "किती छान सजवलंय!" पण देवरी-सालेकशाची पोरं, पोलीस भरतीची तयारी करणारी, भिंतीला न भिणारी, धुऱ्यापाशी आली आणि आपोआप एक पाऊल मागं सरली. रोवलेल्या धानात पाय? त्यांच्या आज्याने त्यांना त्यासाठी झोडपलेलं असतं; ते अंगात असतं, डोक्यात नाही.

पुण्याहून खास शर्यत पाहायला आलेले चंद्रशेखर सर पुढे झाले. राज्यभर अशा शर्यती भरवणारा माणूस. "मॅडम, चिखल हाच या खेळाचा चेहरा. चिखल नाही तर फोटो नाहीत, आणि फोटो नाहीत तर पुढच्या वर्षी इतक्या लांब येतंय कोण?"

"दीदी, दौडा दो इसी में," गुड्डू कुजबुजला. "बाद में देखेंगे."

"धावू द्या," खेमराज म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"बांधी आमची होय. मी सांगून राह्यलो ना! पुन्हा रोवता येते."

"कायचं रोवता येते?" सुशिलाबाई फटकन म्हणाल्या. "खालच्या लहान बांधीपुरत्या पेंढ्या उरल्या, बस. एवढ्याले पऱ्हे कोठून आणशीन?"

समीक्षाने खेमराजकडे नीट पाहिलं. धावू द्या म्हणताना तो बांधीकडे पाहत नव्हता. पाहूच शकत नव्हता. जबडा आवळलेला, नजर तिच्यावर… आणि तिला लख्ख समजलं की हा माणूस काय देऊ करतोय. पण शर्यत दारात उभी होती.

"नाही," ती म्हणाली.

"समीक्षा —" पहिल्यांदाच त्याने मॅडम गाळलं.

"रोवलेल्यात पाय नाही पडणार. कुणाचाच नाही. मग मी पुण्याला गेले तरी चालेल."

सालेकशाच्या पहिल्या बसने उतरून कुसुमबाई नेमक्या मागे येऊन उभ्या होत्या. हातात पिशवी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. त्यांनी पोराचं ऐकलं, पोरीचंही ऐकलं. बोलायचं ते त्यांनी मागाहूनसाठी राखून ठेवलं.

समीक्षा धुऱ्यावर उकिडवी बसली. समोर सुशिलाबाईंच्या बाया खालच्या लहान बांधीत उतरल्या होत्या. ती चिखललेली होती, रोवायची राहिली होती. वाकत होत्या, हात बुडवत होत्या, उठत होत्या. वाका, उठा… वाका, उठा…

ती ताडकन उभी राहिली.

"सुशिलामावशी, थांबा! ती बांधी तशीच ठेवा!"

मग तिने भोंगा तोंडाला लावला. "ऐका! चिखलातलं सरपटणं रद्द. त्याऐवजी नवा अडथळा. दोन्ही खांद्यांवर पऱ्ह्यांच्या ओल्या पेंढ्या घेऊन या खालच्या बांधीच्या धुऱ्यावरून पलीकडे जायचं. धुरा वीतभर रुंद आहे आणि सकाळपासून पाऊस आहे, हे सांगायची गरज नाही. जो घसरेल त्याला दंड. बर्पी नाही! खालच्या बांधीत उतरायचं आणि एक ओळ रोवायची. ओळ पास-नापास सुशिलामावशी करतील."

"मी?" सुशिलाबाई म्हणाल्या. "मी तं वाकडं दिसलं का उपटून टाकतो."

"तेच पाहिजे."

पहिला कोण आला? बालाघाटचा कुणी होता म्हणे; आता कुणाला आठवत नाही. आठवतं ते वेगळंच. धुऱ्याच्या तोंडाशी खेमराज पेंढ्या देत उभा, आणि पलीकडे धडाधड माणसं पडतायत. हाताला घड्याळं बांधलेले नागपूरचे डॉक्टर, रायपूरचा इंजिनियर, सगळे गुडघाभर चिखलात वाकलेले, आणि सुशिलाबाई काठावरून ओरडतायत, "ओ चष्मेवाले दादा, धान रोवून राह्यले का खुंट ठोकून राह्यले?" देवरीच्या पोरी धुऱ्यावरून वाऱ्यासारख्या गेल्या, जन्म त्यातच गेलेला. शिवाय त्यांनी नागपूरच्या ताईला हात धरून पार करून दिलं. चंद्रशेखर सर फोटो काढायला वाकले आणि फोनसकट खाली गेले.

"सर, तुम्ही स्पर्धक नाही, दंड नको," समीक्षा घाईने म्हणाली.

"पडला ना? मंग रोवा," सुशिलाबाई म्हणाल्या.

सरांनी रोवलं. नापास झाले. पुन्हा रोवलं.

दुपारी शर्यत संपली तेव्हा खालची बांधीही हिरवीगार झाली होती. जरा वाकडी, पण हिरवी. लोक जायचं नाव घेईनात. चिखलाच्या अंगाने बसून भात-वरण जेवत होते, आणि पुढच्या वर्षी कधी, हे विचारत होते.

आणि मग, सगळं नीट झालं म्हणूनच, पंचाईत झाली.

गाडीत बसताना चंद्रशेखर सर म्हणाले, "मॅडम, जिमखाना-बिमखाना विसरा. तुम्ही पुण्याला आमच्याकडे या. राज्यातल्या सगळ्या शर्यतींचे कोर्स तुम्ही मांडायचे. मला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं, उद्या नवी टीम जाहीर करायची आहे." आणि गाडी हायवेला लागली.

म्हणजे फसली असती तरी पुणे, आणि जिंकली तर आणखी मोठं पुणे! इतके दिवस दोघांनी मनाशी मांडलेला हिशोब एका दुपारीत उलटा झाला.

ऊन कलल्यावर दोघं दोऱ्या सोडत होते. पऱ्ह्याला धक्का न लावता, ओळींमधून एकेक.

"ऐकलंस ना सर काय म्हणाले?"

"ऐकलं." खेमराज दोरी गुंडाळत होता. "जा तू."

"काऊन?"

त्याच्याच बोलीतला शब्द तिच्या तोंडून आला तसा तो अडखळला. "मोठं काम होय ते. इथं का हाये? सालातून एक दिवस."

"आणि सकाळी? सकाळी तर रोवलेली बांधी तुडवायला निघाला होतास."

"ते… सकारचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

खेमराजने गुंडाळलेली दोरी उलगडली. पुन्हा गुंडाळायला लागला. तिकडे बोअरच्या पाण्यावर बायांसोबत पाय धुणाऱ्या कुसुमबाईंना हे बघवेना.

"अवं, तो का सांगन! मी सांगतो," त्या तिथूनच म्हणाल्या. "लहान होता तवा याचा चेंडू रोवलेल्या बांधीत गेलता. धान कापेपर्यंत आणला नाई यानं. रोज धुऱ्यावर बसून पाहे अन् घरी ये. अन् आज तोच म्हणे, धावू द्या! मी तवाच समजली, पोरगा गेला आपल्या हातचा."

"माय!"

"का माय? खोटं हाये का?"

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. समीक्षाही हसली… मग हसता हसता थांबली.

"खेमराज, खरं?"

"हव."

"मग जा कशाला म्हणून राहिलास?"

"थांब म्हणाचा हक्क कोठी हाये माहा?"

"मागितलास कधी?"

बोलण्यात कंजूष माणूस. आयुष्यभर साठवलेलं एकदम काढायचं म्हणजे वेळ लागणारच.

"आता मागून राह्यलो," तो म्हणाला. "थांब. शर्यतीसाठी नाई. शर्यत तू पुण्यातूनबी करशीन. माह्यासाठी थांब."

ती उत्तर देणार तेवढ्यात तिचा फोन वाजला, दोनदा कुरकुरला आणि बंद पडला. या शेतात रेंज एकाच ठिकाणी मिळायची: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहिलं तर. समीक्षा टायरांवरून ट्रॉलीवर चढली. फोन पुन्हा वाजला.

"हॅलो सर! ऐकू येतंय का?… हो, ठरलं! मी कोर्स मांडून देईन. पण राहायला पुण्याला नाही येणार!… काय?"

तिकडून तुटक तुटक काही आलं. ती कानात बोट घालून, जीव खाऊन ओरडायला लागली.

"नाही, पदाचं काही नाही!… काय सोय?… राहायची? राहायची सोय इथं झाली आहे, सर!"

बोअरचं पाणी तसंच वाहत राहिलं. एकही बाई पाय धूत नव्हती. खेमराजच्या हातातली दोरी केव्हाच गळून पडली होती.

"मोठ्यानं सांग, बाई," सुशिलाबाई म्हणाल्या. "इथंच काहीइले समजलं नाई अजून!"

समीक्षाने पुन्हा सांगितलं. आता फोन कानाला नव्हता, आणि ती खाली खेमराजकडे पाहत होती.